विहिणीची लेखी तक्रार

चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून वर गेलं की उजव्या हाताला एक काचेची खिडकी लागते. तिच्यामागे खिडकीकाकू बसतात. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ते इतकं चिकटलंय की एकदा कुरिअरच्या पाकिटावरसुद्धा तेच आलं होतं. काकूंनी मुकाट्यानं सही करून पाकीट घेतलं. माझंच आहे म्हणाल्या.

खिडकीच्या आत एक टेबल, एक म्हातारा कॉम्प्युटर, पावतीपुस्तकं आणि मागे भिंतभर लोखंडी कपाट. बाहेर दोन बाकडी, कागदी रुमालांचा डबा आणि कोपऱ्यात लहान मुलांची खेळणी, त्यातल्या निम्म्या गाड्यांची चाकं गेलेली. पलीकडे जाड दाराच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत घरंच्या घरं जाऊन बसतात. नवरा-बायको, बाप-लेक, सासू-सून, कधी एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊ. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खोटं नाही, पण एखाद्या चुलीचा धूर फारच झाला, डोळे उघडेनात, की ते घर हा जिना चढतं. कुटुंब समुपदेशन केंद्र अशी पाटी आहे खाली, पण लोक ती वाचत वाचत येत नाहीत. मान खाली घालून येतात.

काकू आधी वीजबिलाच्या खिडकीवर होत्या. तिथे त्यांच्या जिभेला विश्रांती म्हणून नव्हती. बिल भरायला आलेल्या माणसाची लेक कुठे दिली, म्हातारीचा गुडघा कसा आहे, धाकट्याला नोकरी लागली का, हे सगळं विचारून झाल्याशिवाय सुटे पैसे परत मिळायचे नाहीत. रांग खोळंबायची, मागचे ओरडायचे, मग काकू ओरडणाऱ्यांचीही चौकशी करायच्या. निवृत्त झाल्या आणि ती सगळी चौकशी एकट्या काकांच्या वाट्याला आली. काकांनी काही महिने सोसलं. मग एके दिवशी पेपरातली जाहिरात कात्रीनं कापून काकूंच्या ताटाशेजारी ठेवली. आयुष्यात आपण एकच शहाणपणाचं काम केलं आणि ते त्या कात्रीनं केलं, असं काका अजून येईल त्याला सांगतात.

पण गंमत बघा. बोलण्यासाठी जन्माला आलेल्या बाईला नोकरी मिळाली ती न बोलण्याची. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं. मॅडमचा आवाज इतका मऊ की ओरडल्या तरी समोरच्याला वाटावं, विचारपूस करतायत. त्या म्हणाल्या, फायलीवर नाव घालायचं नाही, नुसता नंबर. आतलं पान तुम्ही वाचायचं नाही, आम्ही ते पाकिटात घालून चिकटवूनच बाहेर देऊ. इथे कोण आलं, कोण रडलं, कोण हसलं, ते घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही. काकूंनी मान डोलावली. मग मॅडम म्हणाल्या, आणि रस्त्यात इथलं कोणी दिसलं, तर त्यांनी आधी ओळख दाखवल्याशिवाय तुम्ही दाखवायची नाही. सोबत त्यांचे साहेब असतील, शेजारीण असेल. या बाई कोण, असं कोणी विचारलं तर त्या माणसानं काय सांगायचं?

इथे मात्र काकूंचा चेहरा पडला. ओळखीच्या माणसाला ओळख दाखवायची नाही म्हणजे काय? पण मॅडमचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि एकदा पटलं की काकू ते अर्धवट करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी स्वतःची युक्ती काढली. समोरून इथलं माणूस आलं की जवळ जी वस्तू दिसेल तिच्यात डोकं घालायचं. यापायी त्यांनी नको असलेल्या किती वस्तूंचे भाव विचारले असतील याला हिशोब नाही. एकदा लोखंडी शिडीचा विचारला. दुकानदारानं इतका कमी करून दिला की नाही म्हणता येईना. ती शिडी अजून घरी आहे, आणि काका तिला बघितलं की हात जोडतात.

पैशांचं काम काकूंना सोपं जाईल असं वाटलं होतं. फी माणशी होती आणि ऐपतीप्रमाणे होती. उत्पन्न विचारायचं, जो आकडा सांगतील तो लिहायचा आणि भुवई हलू द्यायची नाही. बोटावर गाडीची किल्ली गरगर फिरवत एक गृहस्थ म्हणाले, सध्या मिळकत अशी काहीच नाही. काकूंनी सगळ्यांत खालचा दर लावला आणि वर पाणी हवं का विचारलं. पैसे आत जायच्या आधी घ्यायचे, ही मात्र काकूंची स्वतःची सूचना. बाहेर येताना माणसं एकतर रडून आलेली असतात, नाहीतर इतकी हलकी झालेली असतात की पाकीट कुठे ठेवलंय ते आठवत नाही. घासाघीस तरीही व्हायचीच. आम्ही चौघं आलो खरे, पण आमचे बाबा आत तोंडच उघडत नाहीत, तेव्हा तिघांचेच घ्या, असं एका सुनेनं सांगितलं. बाबा शेजारीच उभे होते, त्यांनी मान डोलावली. एका जोडप्याची तर पैसे कोणी भरायचे यावरून खिडकीशीच अशी जुंपली की आत बसायला वेळच उरला नाही. काकूंनी पावती फाडून ठेवली होती. पुढच्या वेळी तीच चालेल म्हणाल्या.

आणि तक्रारी. जिथे माणसं येतात तिथे तक्रारी येणारच. पण मॅडमची त्याची एक पद्धत होती. तक्रार तोंडी घ्यायची नाही. माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, मग ते त्याला वाचून दाखवायचं आणि शेवटी विचारायचं की तुमची अपेक्षा काय? मग सही, आणि आठवड्याच्या आत मॅडमचं लेखी उत्तर. काकूंना सुरुवातीला हा नुसता व्याप वाटला. हळूहळू त्यातली खुबी कळली. आपण तावातावानं बोलतो तेव्हा डोंगराएवढी असणारी तक्रार दुसऱ्याच्या तोंडून शांतपणे ऐकली की बरीच खाली बसते. एक जण सांगायला आला की इथे बायकोची बाजू घेतात, तिलाच जास्त बोलू देतात. काकूंनी शब्द न् शब्द उतरवला. त्यात तो सहज बोलून गेलेलं एक वाक्यही होतं की ती इतकं बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. काकूंनी वाचून दाखवलं तेव्हा त्या वाक्यापाशी त्यानं हातानं थांबवलं. म्हणाला, हे फाडू नका, पण पुढे पाठवूही नका.

असं सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस खिडकीसमोर येऊन उभी राहिली ती काकूंची स्वतःची लेक.

एकटी नव्हती. मागे जावई होता, आणि जावयाच्या मागे कठडा धरून, धापा टाकत, विहीणबाई.

या विहीणबाईंविषयी आधी सांगायला हवं. त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. नवरा लवकर गेला, एकुलत्या एक मुलाला त्यांनी शिट्टीच्या तालावर वाढवला, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला हूं म्हटलं की त्या टोकाचं पोर सावधान व्हावं. लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, या दोघी विहिणी म्हणजे एक बोलणार आणि दुसरी दरडावणार, कसं जमायचं? पण दोघींचं असं गूळपीठ जमलं की लेक-जावयालाच मधे जागा उरली नाही. दोन्ही घरं पाच मिनिटांच्या अंतरावर. रोज संध्याकाळी दोघी मैदानाला फेऱ्या मारायच्या. विहीणबाई गुडघा दुखत असूनही चाल ठरवायच्या, काकू तोंड चालवायच्या. एकमेकींना अगं-तुगं करायच्या. लोकांसमोर तेवढं अहो.

गेले काही दिवस मात्र विहीणबाई फिरताना गप्प असायच्या. लेकीचे फोनही आखूड झाले होते. कशी आहेस म्हटलं की सगळं ठीक, इतकं पटकन यायचं की ठीक नाही हे कोणालाही कळावं. काकूंना शंका होती. पण शंका वेगळी आणि आपल्या पोटची पोर फीचे पैसे हातात घेऊन समोर उभी असणं वेगळं.

मॅडम लगेच बाहेर आल्या आणि काकूंना बाजूला घेऊन गेल्या. दुसरं केंद्र लांब आहे, महागही आहे, आणि तुमच्या विहीणबाईंनी इथेच यायचा हट्ट धरला, असं म्हणाल्या. ही फाइल कपाटात येणार नाही, माझ्या खणात राहील. तुम्ही फक्त पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची. घरी काही विचारायचं नाही, त्यांनी सांगितलं तरी ऐकायचं नाही. जमेल? काकू म्हणाल्या, माझ्या मुलीच्या संसाराचा प्रश्न आहे, जमवीन. मग खिडकीत येऊन बसल्या, तिघांची उत्पन्नं विचारली, माणशी फी लावली आणि स्वतःच्या लेकीला पावती फाडून दिली. लेक मान वर करेना. दार लागलं तसे काकूंनी कागदी रुमाल घेतले आणि उगाचच काच पुसत बसल्या.

आता काकूंचं एक आहे. त्यांना नियम सांगा, त्या पाळतील, पण कुठे थांबायचं ते वेगळं सांगावं लागतं. विचारायचं नाही ना? मग फिरायला जायचंच नाही, म्हणजे विहिणीनं सांगायचा आणि आपण ऐकायचा प्रसंगच नको. टाच दुखते असं त्यांनी कळवून टाकलं. लेकीशी फोनवर भाजीचे भाव आणि उकाडा, बस. काकांना तर ताकास तूर लागू दिली नाही. काका बिचारे विचारायचे, तुमच्या विहीणबाई हल्ली दिसत नाहीत? काकू म्हणायच्या, उकडतंय फार.

आणि मग ते प्लास्टिकच्या दुकानातलं झालं. काकू साबणाची डबी घ्यायला गेल्या होत्या. दारातून विहीणबाई आत आल्या. त्यांनी काकूंना बघितलं, त्यांचा चेहरा उजळला, हात वर केला. पण तो हात पुरता वर होईपर्यंत काकूंचं डोकं एका मोठ्या बादलीत गेलेलं होतं. सवय हो, दुसरं काय. काकूंनी बादली आतून बाहेरून अशी काही निरखली की तशी कोणी जन्मात निरखली नसेल. मान वर केली तेव्हा दुकानात विहीणबाई नव्हत्या. काकू मनात म्हणाल्या, सुटले. घरी येईपर्यंत मात्र काहीतरी चुकलंय असं वाटायला लागलं होतं, आणि बादलीही हातात होती.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. या वेळी तिनं उकाड्याचं निघू दिलं नाही. म्हणाली, सासूबाई म्हणतात, आता त्या जिन्यावर पाय ठेवणार नाही. तुझी आई फाइल वाचते, सगळं वाचून तिनं तुझी बाजू घेतली, म्हणून मला टाळते, असं म्हणतात. दोनदा जाऊन आलो होतो, कुठे जरा आमचं आम्हाला ऐकू यायला लागलं होतं. आता त्या आल्या नाहीत तर आमच्या दोघांचं काही खरं नाही, आई. तू असं काय केलंस?

काकू काय सांगणार? मी काही केलं नाही, हेच तर केलं होतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. लेकीचा संसार वाचवायला तोंडाला कुलूप लावलं आणि त्याच कुलपापायी तो मोडायची वेळ आली. आता जाऊन समजूत घालावी तर विषय निघणार. न घालावी तर विहीण येणार नाही. काकू आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं याचा विचार करत बसल्या, आणि सवय नसल्यामुळे काही सुचेना.

पण विहीणबाई आल्या. दुपारची वेळ होती, बाकडी रिकामी होती, मॅडम आत एका कुटुंबाबरोबर होत्या. जिन्यात काठीचा आवाज आला. काठी ही नवीनच गोष्ट होती. विहीणबाई खिडकीशी येऊन ताठ उभ्या राहिल्या आणि कोणा परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाल्या, “अहो बाई, मला तक्रार करायचीय. लेखी.”

तक्रार कोणाविरुद्ध ते विचारायची गरज नव्हती. काकूंनी सांगून बघितलं की माझ्याविरुद्धची तक्रार मीच कशी लिहू, मॅडम बाहेर येईपर्यंत थांबा, मी चहा मागवते. विहीणबाई म्हणाल्या, चहा नको आणि थांबणंही नको, गुडघ्यानं हा जिना चढायचं धैर्य आज झालंय, पुन्हा होणार नाही. दुसरं कोणी आहे का लिहायला? दुसरं कोणी नव्हतं. आत चाललेल्या बोलण्यात दार वाजवायची परवानगी आग लागली तरच होती. मग काकूंनी सांगितलं की मी आत्ता उतरवून घेते, मॅडम पुन्हा तुमच्याशी बोलून खातरजमा करतील. विहीणबाईंना खुर्ची दिली, कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. वर तारीख घातली.

विहीणबाईंनी मुख्याध्यापकांना अर्ज सांगावा तसं सांगायला सुरुवात केली. सदर बाई माझी फाइल वाचतात. काकूंनी लिहिलं. मग विचारलं, कशावरून, तेही लिहावं लागतं. विहीणबाई म्हणाल्या, लिहा की. यांनी फिरायला येणं बंद केलं. टाचेचं निमित्त सांगितलं. टाच दुखत असती तर रोज हा जिना कसा चढतात? काकूंनी तेही लिहिलं, अगदी प्रश्नचिन्हासकट. दुकानात मला बघून बादलीत डोकं घातलं. लिहिलं. आणि बादली विकतसुद्धा घेतली.

“तेही लिहू?” काकूंनी हळूच विचारलं.

“लिहा. खरं तेवढं सगळं लिहा.”

इतकं होईपर्यंत विहीणबाईंचा आवाज चढा होता. त्यानंतर तो एकदम उतरला. पुढचं त्या सांगत होत्या ते काकूंकडे न बघता, काचेवर टेकवलेल्या स्वतःच्या बोटांकडे बघून. मुलाची बदली झालीय. तिकडे सुनेलाही हवी तशी नोकरी मिळतेय. दोघं म्हणतात, आई, तुम्ही चला. चांगल्या मनानं म्हणतात, त्यात खोट काढायला जागा नाही. मी नाही म्हणते. मग मुलगा म्हणतो, आईला एकटी टाकून मी जाणार नाही. सून म्हणते, मग मी काय करू, किती दिवस थांबू? आणि ती दोघं एकमेकांवर तुटून पडतात. आत मॅडम विचारतात, तुम्हाला का जायचं नाही? मी कधी गुडघ्याचं सांगते, कधी घराचं. खरं कारण ओठांवर येतं आणि परत जातं.

काकूंचं पेन थांबलं. हे ऐकायचं नाही असं मॅडमना कबूल केलं होतं. पण तक्रारीत माणूस सांगेल ते लिहायचं, हेही त्याच मॅडमनी सांगितलेलं.

“लिहा ना,” विहीणबाई म्हणाल्या. “लिहा, की मला या बाईंना सोडून जायचं नाही. मुलाला कसं सांगू हे? लोक म्हणतील, म्हातारीनं पोरगा सोडला आणि विहिणीसाठी मागे राहिली. पण मला इथे तुझ्याशिवाय दुसरं आहे कोण? आणि तूच तोंड फिरवलंस तर मी कोणासाठी राहू? जाते मी त्यांच्याबरोबर. तेवढं लिही आणि सही कुठे करायची सांग.”

काकूंनी लिहिलं. लिहिता लिहिता दोन गोष्टी एकदम डोक्यात शिरल्या. एक ही, की ज्या घरात काय बिनसलं म्हणून आपण जीव टांगून बसलो होतो, त्या घरात वाईट असं कोणी नव्हतंच. आणि दुसरी ही, की आपली लेक हे गाव सोडून जायचं म्हणतेय आणि आपल्याला ते आत्ता कळतंय. पहिलीनं जीव भांड्यात पडला. दुसरीचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्या पद्धतीप्रमाणे कागद हातात घेऊन वाचायला लागल्या. सदर बाई फाइल वाचतात इथपासून बादलीपर्यंत नीट वाचलं. पुढे त्या अडल्या. विहीणबाईंनी खिडकीतून हात घालून कागद काढून घेतला आणि उरलेलं स्वतःच वाचलं. शिट्टीच्या आवाजाची ती बाई, पण वाचलं अगदी हलक्या आवाजात.

वाचून झाल्यावर काकूंनी डोळे पुसले आणि शेवटचा प्रश्न विचारला. विचारायलाच लागतो.

“तक्रारदाराची अपेक्षा काय?”

विहीणबाईंनी काठी हातात घेतली. मग म्हणाल्या, “उद्यापासून मैदानावर यावं.”

काकूंनी तेही लिहिलं, सही घेतली, आणि मग मात्र कुलूप उघडलं. मी तुझी फाइल बघितलेलीसुद्धा नाही, ती मॅडमच्या खणात आहे, मला हे सगळं आत्ता कळतंय, आणि रस्त्यात ओळख दाखवायची नाही असा इथला नियमच आहे, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. विहीणबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, तो नियम परक्यांसाठी असेल. मी परकी आहे का?” अति तिथे माती म्हणतात, ती समोर दिसत होती.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा दोघी एकच कागदी रुमाल फाडून वापरत होत्या. मॅडमनी तक्रार उभ्या उभ्या वाचली. बादलीपाशी त्यांना हसू आवरेना, म्हणून त्या खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तक्रारदार समोरच होत्या, तेव्हा मॅडमनी तिथेच विहीणबाईंना उत्तर दिलं. फाइल वाचल्याचा आरोप खरा नाही, बाकीची तक्रार खरी आहे, आणि त्यात माझीही चूक आहे, कारण घरच्या माणसांचं काय करायचं ते मी काकूंना सांगितलंच नव्हतं. चार दिवसांनी तसं लेखीही दिलं. मग त्यांनी विचारलं, आज जे इथे खिडकीत सांगितलंत ते आत सांगाल का? विहीणबाई म्हणाल्या, सांगीन, पण ही शेजारी बसली तर. मॅडमनी सून आणि मुलगा दोघांना विचारलं, दोघं हो म्हणाले.

पुढच्या वेळी चौघं जमले. चौघांची फी घ्यायला खिडकीत काकूच होत्या, कारण दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःला उत्पन्न विचारलं, भुवई न हलवता लिहिलं, स्वतःच्या पर्समधून पैसे काढले, स्वतःला पावती फाडून दिली आणि ती नीट घडी करून ठेवली. जावई म्हणाला, “आई, स्वतःला थोडी सूट तरी द्यायचीत.” काकू म्हणाल्या, तक्रार येईल. इतकी वर्षं त्या दारावरून काकू येत-जात होत्या, पण दारामागची खोली त्यांनी माणसं बसलेली असताना कधी पाहिली नव्हती. त्यांना तिथल्या खुर्च्या फार बुटक्या वाटल्या.

विहीणबाईंनी सांगितलं. आधी खाकरल्या, मग एकदम सांगून मोकळ्या झाल्या. जावई आ वासून आईकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, सुनेनं आपला मुलगा तोडला असंच आई मनात धरून बसलीय. लेकीला वाटलं होतं, सासूला आपल्याबरोबर राहायचंच नाही. दोघांनी या दोन समजुतींवर महिनाभर भांडण रेटलं होतं. जावई म्हणाला, एवढंच होतं? विहीणबाई म्हणाल्या, एवढंच म्हणू नकोस. मग लेक हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि जावयानं तिचा हात धरला. लग्नानंतर काकूंनी त्या दोघांना असं पहिल्यांदाच बघितलं होतं.

मग मॅडम म्हणाल्या, म्हणजे तुम्ही दोघं गेलात आणि या इथे राहिल्या, तर चालेल? जावई म्हणाला, सासूबाई इथे आहेत म्हटल्यावर मी निर्धास्त आहे. विहीणबाईंनी मान डोलावली. सगळं सुटलं होतं, सगळ्यांचं. आणि सगळ्यांनी एकदम काकूंकडे बघितलं, कारण हे सगळं जिच्या भरवशावर सुटत होतं तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

लेकीच्या लक्षात आलं. तिनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. “आई,” ती म्हणाली, “मी गेले तर तुला करमेल का गं?”

काकूंना पुष्कळ काही बोलता आलं असतं. फोन आहे, गाड्या आहेत, विहीण आहे, काका आहेत. आयुष्यभर जे तोंड कधी कमी पडलं नव्हतं ते त्यांनी उघडलं आणि जे होतं तेच सांगितलं.

“नाही करमणार,” काकू म्हणाल्या. “तू जा.”

विहीणबाईंनी काकूंचा हात घट्ट धरून ठेवला. वेळ संपली होती, पण मॅडमनी कोणालाच उठा म्हटलं नाही.